पाय कुठे टेकला होता

माटुंग्याकडच्या एका शाळेचं मैदान. सिमेंटचं कोर्ट, त्याच्या एका टोकाला जुना रेन ट्री, आणि त्या झाडाची एक जाड फांदी बास्केटच्या थोडी अलीकडे येऊन थांबलेली. मुलींचा बास्केटबॉलचा उपांत्य सामना, तिसरा क्वार्टर. निळ्या जर्सीतल्या एका मुलीने कोपऱ्यातून चेंडू उंच उडवला. तो फांदीला घासला, दोन-चार पानं खाली आली आणि चेंडू सरळ रिंगमधून पडला. माझी शिट्टी तो फांदीला लागताच वाजली होती, पण ओरड्यात ती कोणाला ऐकू गेली नाही.

"मॅडम, आउट कसा?" ती मुलगी धावत आली. पंधरा वर्षांची असेल. आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "झाड तर आतच आहे ना? फांदी बघा, बरोबर कोर्टावर आहे."

नियम स्पष्ट आहे. रेघेबाहेरच्या जमिनीला चेंडू लागला तर तो आउट असतोच. पण बोर्डाच्या मागच्या बाजूला, बोर्ड धरून ठेवणाऱ्या खांबाला किंवा कोर्टाच्या वर असलेल्या कुठल्याही वस्तूला लागला तरी आउट. इनडोअर स्टेडियममध्ये ही वस्तू म्हणजे छताचा लोखंडी सांगाडा किंवा दिवे. मुंबईत ती रेन ट्रीची फांदी असते, नाहीतर केबलवाल्याची वायर. मला खेळ पुन्हा सुरू करायचा होता, म्हणून एवढंच म्हणाले, "फांदी कोर्टावर आहे बाळा, पण कोर्टाची नाही." तिने वर पाहिलं, मान हलवली आणि डिफेन्सला पळाली.

गेली तेवीस वर्षं मी मुंबईत शालेय आणि कॉलेजच्या सामन्यांना शिट्टी वाजवते. आठवडाभर कचेरी, रविवारी मैदान. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं की पंचाचं काम म्हणजे चेंडूकडे बघणं. पंचाला बघायचे असतात पाय. कोण कुठे टेकलेलं होतं आणि कधीपासून, एवढंच बघायचं. आउट असो की धडक, प्रश्न शेवटी तिथेच येऊन ठेपतो. हे मला उशिरा कळलं. ते कळायच्या आधी मी काही चुका केल्या, त्यातली एक अजून सलते.

रेघेपासून सांगते. बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं आणि ही मापं रेघेच्या आतल्या कडेपासून घेतात. म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीची ती पांढरी रेघ पूर्णपणे बाहेरची. फुटबॉलमध्ये आणि टेनिसमध्ये रेघ आतली, आपल्याकडे बाहेरची. बुटाचं टोक रेघेला लागलं आणि हातात चेंडू असला की संपलं.

मी परळच्या चाळीत वाढले. वडील कबड्डीवेडे. घरासमोरच्या मैदानात रात्री दिवे लावून सामने व्हायचे आणि मी त्यांच्या खांद्यावर बसून बघायची. तिथला नियम किती मोठ्या मनाचा आहे! झटापट चालू असताना शरीराचा एखादा भाग जरी मैदानात टेकलेला असला तरी गडी बाद नाही. मध्यरेषेवर बोट टेकवायला धडपडणारा, चौघांनी दाबून धरलेला गडी आठवा. एका भागावर तो जिवंत राहतो. बास्केटबॉलमध्ये नेमकं उलटं आहे. सगळं शरीर आत आहे आणि एक टाच बाहेर, तर माणूस बाहेर. वडील माझा सामना बघायला आले तेव्हा हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. "एवढ्याशा टाचेसाठी?" म्हणाले. मी त्यांना दुसरा नियम सांगितला. दोघी एकाच चेंडूला घट्ट धरून ओढाताण करत रेघेबाहेर गेल्या, तर कोणाचाच आउट देत नाहीत. ती बरोबरी मानतात आणि गुणलेखकाच्या टेबलावरचा, आळीपाळीने दिशा बदलणारा बाण ज्या संघाकडे असेल त्याला चेंडू मिळतो. "म्हणजे झटापटीला मान आहे," ते म्हणाले आणि गप्प झाले.

हवेतल्या माणसाचं काय, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. उत्तर सोपं आहे. जमिनीवरून उडताना जिथे होतात, खाली टेकेपर्यंत तुम्ही तिथेच. आतून उडी मारली, शरीर रेघेच्या पलीकडे हवेत तरंगतंय, तिथे चेंडू पकडून आत फेकला आणि मग बाहेर जाऊन पडलात, तरी चेंडू जिवंत. बाहेर पाय टेकलेल्याने उडी मारून हवेतच चेंडूला हात लावला, तर मात्र आउट, मग तो भले कोर्टाच्या बरोबर वर असो. पूर्वी हे समजावताना माझी दमछाक व्हायची. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्रिजटाउनला सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल घेतला तेव्हापासून काम हलकं झालं. आत असताना चेंडू पकडला, वर उडवला, स्वतः सीमेबाहेर गेला, परत आत आला, पुन्हा पकडला. मुंबईतल्या कुठल्याही शाळेत आता मी एवढंच विचारते, "सूर्याचा कॅच बघितलाय ना?" क्रिकेटचा कायदा वेगळा आहे, बारकावे वेगळे आहेत, पण पाय कुठे आणि चेंडू केव्हा हा हिशेब मुलांना लगेच कळतो.

आणि पंच? पंचाला चेंडू लागला तर? दर वर्षी एकदा तरी हे होतं आणि दर वर्षी कोणीतरी प्रशिक्षक हात पसरून उभे राहतात. नियमात पंचाचं शरीर म्हणजे तो जिथे उभा आहे तिथली जमीन. मी आत उभी असेन आणि चेंडू माझ्या खांद्याला लागला तर तो जमिनीला लागल्यासारखा, खेळ चालू. रेघेवर उभी असेन तर आउट. या नियमावर माझा जीव आहे. बाकी मैदानात माझं म्हणणं चालतं, पण चेंडूपुरती मी फरशीचा एक तुकडा.

नियमाप्रमाणे कोर्टाभोवती २ मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती कुठून आणायची? भिंत असते, पाण्याचे पिंप असतात, स्कूटर असतात. नागपाड्याला मस्तान तलावाच्या मैदानात सामना बघायला एकदा तरी जावं. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं आणि त्या गल्ल्यांमधून भारताला बास्केटपटू मिळत राहिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर त्याच मातीतले. गर्दीच्या सामन्याला लहान पोरं अशी पाय पसरून बसतात की त्यांच्या चपला रेघेला लागतात. बाहेर बसलेल्या माणसाला चेंडू लागला की तो आउट, म्हणून सामन्याआधी मी फेरी मारून म्हणायची, "चला रे, पाय मागे घ्या." पोरं ऐकायची. पाचव्या मिनिटाला पाय पुन्हा पुढे.

आता शेवटचा स्पर्श. चेंडू बाहेर कोणी घालवला? ज्याला तो शेवटचा लागला त्याने. नियमाचे शब्द दोन्ही बाजूंनी बांधलेले आहेत. तुम्ही चेंडूला हात लावा किंवा चेंडू तुम्हाला लागो, हिशेब एकच. म्हणून रेघेजवळ कोंडीत सापडलेली हुशार खेळाडू समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर चेंडू आपटते आणि थ्रो-इन, म्हणजे रेघेबाहेरून चेंडू आत टाकायची संधी, मिळवते. पालक ओरडतात, "तिने मुद्दाम मारला!" मुद्दाम असेलही. नियम तो प्रश्न विचारत नाही. दोघींचा हात एकदमच लागला, किंवा दोन पंचांनी दोन दिशांना बोट दाखवलं आणि बोलूनही शंका फिटली नाही, तर पुन्हा बाण.

खरी अडचण पुढे आहे. समजा लाल जर्सीवाली चेंडू धरून उभी आहे. हिरवीने झडप घातली आणि तिच्या मनगटावर मारलं. फार जोरात नाही, पण त्या फटक्यानेच चेंडू लालच्या बोटांवरून निसटून बाहेर गेला. शेवटचा स्पर्श लालचा. कारण हिरवीचा फटका. काय द्याल?

नियमात दोनच रस्ते आहेत. तो फटका बेकायदा होता आणि त्याने लालचं नुकसान केलं, तर फाउल. नाहीतर आउट, चेंडू हिरव्यांचा. पण मैदानात तिसरा रस्ता रुळलेला आहे. पंच फाउलही देत नाही आणि चेंडूही लालकडेच ठेवतो, जणू तो हिरवीच्या हाताला लागून गेला. दोन्ही बाजू थोड्या थोड्या खूश, कोणी वाद घालत नाही. पहिली पाच-सहा वर्षं मीही हे केलं आणि त्याला समजूतदारपणा म्हणत राहिले. आज माझं मत स्वच्छ आहे. तो खोटा निर्णय आहे. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते आपण हाताने दाखवतो. आणि मनगटावर मारलं तरी चालतं, हे हिरव्या मुलीला आपणच शिकवतो. पुढच्या खेपेला ती अजून जोरात मारते.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगलाही हीच गाठ सोडवावी लागली. तिथे प्रशिक्षक आउटच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, मग पंच पुन्हा पुन्हा चित्रफीत बघतात. व्हायचं असं, की पडद्यावर हातावरचा फटका सगळ्या जगाला दिसायचा, पण आव्हान आउटचं असल्याने पंचाला फक्त बोटाचं शेवटचं टोक बघून निकाल द्यावा लागायचा. २०२४-२५ च्या मोसमापासून त्यांनी नियम बदलला. आउट तपासताना त्याला लागूनच घडलेला, सुटून गेलेला फाउल दिसला तर तोही देता येतो. मी ती बातमी दोनदा वाचली. आमच्याकडे चित्रफीत नाही, पडदा नाही. त्या क्षणी हात वर जातो तेव्हा पंजा उघडा की मूठ, एवढंच आपलं. उघडा पंजा म्हणजे नियमभंग, आवळलेली मूठ म्हणजे फाउल. दोन्हींच्या मधला हात नाही.

डॉ. नाइस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएत हा खेळ सुरू केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत हीच दोन कामं दोन वेगळ्या माणसांना वाटून दिलेली आहेत. अंपायर माणसांचा न्यायाधीश, रेफरी चेंडूचा. एकाने फाउल मोजायचे, दुसऱ्याने चेंडू आत की बाहेर आणि कोणाचा ते ठरवायचं. त्या वेळी बाहेर गेलेला चेंडू, जो आधी त्याला हात लावेल त्याचा. साहजिकच बाहेर चेंडूसाठी झुंबड उडायची. काही ठिकाणी कोर्टाभोवती जाळ्या लावल्या, चेंडू बाहेर जाऊच नये म्हणून. शेवटच्या स्पर्शाचा आजचा नियम या झुंबडीतून आलेला आहे.

आज ती विभागणी नाही. प्रत्येक पंचाला दोन्ही बघावं लागतं. आणि माणसाचा डोळा लबाड आहे, तो चेंडूमागे जातो.

माझाही गेला होता. शिट्टी घेऊन चौथं वर्ष असेल. कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना, शेवटची दोन मिनिटं, एका गुणाचा फरक. उंच, दणकट फॉरवर्ड चेंडू घेऊन बास्केटकडे निघाली. समोर एक बुटकी गार्ड, चार फाउल झालेली. मी चेंडूकडे बघत होते. धडक झाली, दोघी पडल्या, तेव्हा मी गार्डकडे पाहिलं. मला दिसलं ते इतकंच, की ती मागे सरकत होती. मूठ वर केली, ब्लॉक दिला, म्हणजे अडवणारीचा फाउल. तिचा पाचवा, म्हणजे ती सामन्यातून बाहेर. ती काही बोलली नाही. बाकावर जाऊन बसली आणि गुडघ्यांवर टॉवेल पसरून त्याच्या कडा सरळ करत राहिली.

सामना संपल्यावर आमचे सर जवळ आले. त्यांनीच मला शिट्टी धरायला शिकवलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "ती मागे जात होती, कबूल. मागे जाणं गुन्हा आहे का?"

नव्हता. समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय एकदा टेकले की डिफेंडरची जागा कायदेशीर होते. त्यानंतर ती जागा राखण्यासाठी तिला बाजूला किंवा मागे सरकता येतं. फक्त समोरच्याच्या अंगावर जायचं नाही. आणि चेंडू जिच्या हातात आहे तिला वेळ-अंतराची कसलीही सवलत नाही. समोर कोणीही कुठल्याही क्षणी उभं राहू शकतं, हे तिने गृहीत धरायचं असतं. धडक गार्डच्या छातीवर झाली होती. म्हणजे चार्ज, धडकणारीचा फाउल. चेंडू गार्डच्या संघाचा, आणि गार्ड मैदानात.

"चेंडू सगळं गाव बघतंय," सर म्हणाले. "तू माणूस बघ. आणि धडक बघू नकोस. धडकेच्या आधीचं बघ."

त्या मुलीला मी नंतर भेटले नाही. नाव आठवतं, इथे लिहीत नाही.

धडकेच्या आधीचं बघायचं म्हणजे काय, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नियमपुस्तकात प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं मानलेलं आहे. पुढे तळहातांपर्यंत, मागे कुल्ल्यांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्या नळकांड्यातली जमीन तिची आणि वरची हवाही तिचीच. हात सरळ वर करून ती उभ्याउभ्या उडाली आणि कोणी येऊन आदळलं, तर दोष आदळणारीचा. तिचे हात नळकांड्याबाहेर पुढे झुकले की हिशेब फिरतो. उडालेल्या माणसाला तर आणखी एक हक्क आहे. जिथून उडाली तिथेच परत टेकायचा हक्क, आणि दुसरीकडे टेकणार असेल तर उडतानाच्या क्षणी रिकामी असलेली जागा तिचीच. ती हवेत असताना तिथे पाय सरकवणं फाउल.

जागेचा हा हिशेब मुंबईकराला शिकवावा लागत नाही. लोकलमध्ये अंगाला अंग लागतं म्हणून कोणी भांडत नाही. चौथ्या सीटवर अर्धी बसलेली बाई उतरायला उठली आणि तिच्यामागे तासभर उभी असलेली बसायच्या आत दाराकडून तिसरीच येऊन बसली, की भांडण होतं. नियमपुस्तकही पंचाला नेमकं हेच सांगतं. ज्या स्पर्शाने कोणाचा फायदा झाला नाही की कोणाचं नुकसान झालं नाही, त्यासाठी खेळ थांबवू नका. खेळाडूंचा वकूब बघा, साधी समज वापरा, खेळ हातात ठेवा पण वाहू द्या. लेअपला, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकायला, निघालेलीच्या कमरेला हलकासा हात लागला, तिची चाल मोडली नाही, चेंडू बास्केटमध्ये गेला, तर मी गप्प. तोच हात, तेवढाच हलका, ती वळत असताना लागला आणि तिचा तोल गेला, तर मूठ वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॅडमचा नियम दर मिनिटाला बदलतो. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच असतो, आणि त्याची खूण दाखवता येत नाही.

२०१९च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. दुसऱ्या सामन्याला मी वरच्या रांगेत होते आणि बहुतेक वेळ तीन पंचांच्या नजरांचा माग काढत होते. चेंडू एका बाजूला असताना त्यांतला एक जण सतत दुसरीकडे, चेंडू नसलेल्यांच्या कंबरांकडे आणि कोपरांकडे बघत असे. मला सर आठवले.

पुस्तकात नसलेलंही घडतं. संक्रांतीच्या आठवड्यात दादरजवळ एका सामन्यात कटलेल्या पतंगाचा मांजा कोर्टावर आडवा तरंगत आला, खेळाडूंच्या गळ्याच्या उंचीवर. फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट चढाई चालू होती, समोर रिकामं बास्केट. मी शिट्टी वाजवली. त्या संघाचे प्रशिक्षक चिडले आणि त्यांचं चिडणं मी समजू शकते, दोन गुण हातचे गेले होते. पण नियमात ज्याचा उल्लेख नाही त्यावर निर्णय घ्यायचा अधिकार मुख्य पंचाला दिलेला आहे, आणि मांजासाठी मी तो पुन्हाही वापरीन. चेंडू त्याच संघाला दिला. मांजा गुंडाळायला दोन मिनिटं लागली.

गेल्या रविवारचं मात्र अजून सुटत नाही. साइडलाइनजवळ लांब पास आला. लाल जर्सीवालीने आतून उडी मारली, हवेत चेंडू पकडला, आणि खाली येताना हिरवीच्या खांद्यावर आदळली. चेंडू लालच्या हातातून निसटून बाहेर गेला. हिरवीचे दोन्ही पाय आत, रेघेपासून वीतभर अंतरावर, हात सरळ वर. मी पंजा उघडला. आउट, चेंडू हिरव्यांचा.

हिरवी तिथे आधीपासून होती, तर निर्णय बरोबर. लाल हवेत गेल्यावर तिने तिथे पाय टाकला असेल, तर मूठ हवी होती. उजवा पाय मी पाहिला होता. तो होता. डावा?

रात्री जेवणानंतर स्वयंपाकघरात फरशीच्या एका सांध्याला मी साइडलाइन मानलं. "अहो, जरा इथे उभे राहता का? हात वर करून." त्यांना सवय आहे. ताट ओट्यावर ठेवून ते उभे राहिले. मी फ्रिजपासून दोन पावलं मागे गेले, रविवारी जिथून बघत होते त्या कोनात, आणि त्यांना म्हटलं, "आता फक्त डावा पाय उचला, आणि मी हात खाली केला की टेका."

त्यांनी टेकला. मी म्हटलं, "पुन्हा."